मागच्या सीटचं मत

माझ्या दादाला परदेशात मोटारसायकल भाड्यानं घेऊन फिरायचं आहे, वहिनींना मागं बसवून. आठवडाभराचा बेत. यवतमाळात ही गोष्ट कानावर गेली की लोक पहिल्यांदा खर्च विचारतात. घरात मात्र खर्चावर भांडण नाही. तो पैसा दोघांनी मिळून वेगळा ठेवला आहे. वाद दुसराच आहे आणि मला तो मोलाचा वाटतो, म्हणून इथं मांडतो. दोघांच्या गाडीप्रवासाचा आराखडा कोणी करायचा, हँडल धरणाऱ्यानं की मागं बसणाऱ्यानं?

दादाचं राळेगावला कृषी केंद्र आहे, जोडीला कपाशीचं शेत. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. दादा बुलेट चालवतो आणि चांगली चालवतो. वहिनी लग्नापासून त्याच्या मागं बसत आल्या आहेत. दोघांचं म्हणणं शक्यतो त्यांच्याच शब्दांत देतो. माझं मन कुठं झुकलं तेही लपवत नाही.

दादाच्या डोक्यात आधी व्हिएतनाम होतं.

दादा : हा-जियांगचा रस्ता पाह्यला का तू? चीनच्या सीमेजवळ, डोंगराच्या कडेकडेनं. खाली नदी, वर कडा. तीन-चार दिवसांत फेरी होते. दुनियाभरातून लोकं येतात तिथी.

वहिनी : येऊ देत. परवान्याचं काय?

दादा : आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढतो. हजार रुपये फी, वर्षभर चालते.

वहिनी : व्हिएतनाममध्ये तो चालत नाही.

दादा : दुकानवाला काही विचारत नाही म्हणतात. पैसे द्या, गाडी घ्या.

वहिनी : दुकानवाला नाही विचारणार. दवाखान्यात विमा कंपनी विचारेल.

वहिनींची ही बाजू पक्की आहे. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मागतो. म्हणजे खिशात कागद असूनही दादा तिथल्या कायद्यानं विनापरवाना ठरला असता. दंड ही किरकोळ बाब. प्रवास विम्याच्या अटी शेवटच्या पानापर्यंत वाचल्या तर त्यात दुचाकीबद्दल हमखास काहीतरी सापडतं. त्या देशात ग्राह्य असलेला परवाना हवा, डोक्यावर हेल्मेट हवं, काही पॉलिसींमध्ये ठरावीक सीसीच्या वरची गाडी चालत नाही, काहींमध्ये दुचाकीच चालत नाही. आणि चालवणाऱ्याच्या कागदात खोट निघाली तर मागं बसलेल्या माणसाचा दावाही अडू शकतो. परक्या मुलखात मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि विम्यानं हात वर केले, तर आमच्यासारख्या घरात शेताचा तुकडा विकायची पाळी येते. दुकानदार गाडी देतो म्हणून ती घेणाऱ्यांची धिटाई मला मुळीच कौतुकाची वाटत नाही.

व्हिएतनाम यादीतून गेलं, पण जाता जाता वहिनींच्या हाती एक मुद्दा देऊन गेलं. परवाना नसलेल्या प्रवाशांना तिथले स्थानिक चालक स्वतःच्या मागं बसवून ती फेरी घडवतात.

वहिनी : हे मला पटलं. आपण दोघंही मागं बसू. तुम्ही एका गाडीवर, मी दुसऱ्या.

दादा : मी मागं? काऊन?

वहिनी : का म्हणजे? मी बसतेच ना.

दादा : तुही गोष्ट वेगळी हाय. तुले सवय हाय.

वहिनी : मग तुम्हीही करून बघा सवय. व्हिएतनाम राहू द्या, कळंबपर्यंत बसून दाखवा. भाऊजी चालवतील.

असा मी त्या वादात ओढला गेलो. रविवारी सकाळी माझ्या साध्या सव्वाशे सीसीच्या गाडीवर दादाला मागं घेतलं आणि नागपूर रस्त्याला लागलो. गाव सुटलं तसा त्याचा उजवा पाय बोलायला लागला. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले की तो फूटरेस्ट जिवाच्या आकांतानं खाली दाबायचा, जणू तिथं ब्रेक आहे. मी खरा ब्रेक लावला की त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. गतिरोधक दिसला की मी सवयीनं सीटवरून किंचित उचललो जायचो. त्याला तो दिसतच नव्हता, त्यामुळं सगळा दणका त्याच्या कण्यात जायचा. पहिले काही किलोमीटर सूचना आल्या, "हळू घे बे", "ओव्हरटेक नोको करू". पुढं त्या बंद झाल्या आणि त्याच्या बोटांची पकड माझ्या जॅकेटवर घट्ट झाली. कळंबला चिंतामणीच्या पायऱ्या उतरताना त्यानं एक हात कमरेवर ठेवला होता.

घरी आल्यावर वहिनींनी काही विचारलं नाही. तोच बोलला.

दादा : मागून गतिरोधक दिसत नाही.

वहिनी : मागून काहीच दिसत नाही. तुमची पाठ दिसते. इतक्या वर्षांत तुमच्या पाठीवर ऊन कुठून येतं त्यावरून मी दिशा ओळखायला शिकले.

दादा : पण मंग मी तुले एक विचारतो. गाडीवर तू आतापर्यंत कुठी गेली? बाजारात, दवाखान्यात, लग्नात, माहूरले. पोचायचं होतं म्हणून बसली. रस्त्यासाठी कधी बसलीच नाहीस. नुसतं त्याच्यासाठी जाऊ ना एकदा. जिथी आपल्याले कोणी ओळखत नाही, दुकानाचा फोन येत नाही, पोचलो नाही तरी कोणाचं अडत नाही.

वहिनी : हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत.

दादाचं हे बोलणं मला फार आवडलं. वहिनी हिशेबी म्हणून बरोबर आणि दादा हौशी म्हणून चूक, असा हा वाद नाही. आमच्या जिल्ह्यात मोटारसायकल सतत कामाला जुंपलेली असते. खताची पोती, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, तापानं फणफणलेलं लेकरू, सगळं तिच्यावरूनच जातं. दोन माणसांनी तिच्यावर बसून नुसतं वळण घेण्याच्या आनंदासाठी जावं ही इच्छा पोरकट नाही. ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच ती मागं बसणाऱ्याच्या सोयीनं आखली जावी असंही वाटतं.

मग थायलंड ठरलं. तिथं वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, आणि आपला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. मात्र त्यात दुचाकीच्या वर्गावर शिक्का हवा. उत्तरेला चियांग माई आहे, १२९६ साली वसलेलं, चौकोनी खंदकाचं जुनं शहर. तिथून पै, मे हाँग सॉन, मे सारियांग करत पुन्हा चियांग माई, अशी सुमारे सहाशे किलोमीटरची डोंगरी फेरी. तिच्यात १,८६४ वळणं असल्याचं तिकडचे लोक अभिमानानं सांगतात. एकट्या चियांग माई-पै रस्त्यावर ७६२.

दादा : सहाशे म्हणजे काय? यवतमाळ-पुणे मी एका दिवसात मारलं होतं.

वहिनी : एकट्यानं आणि सपाट रस्त्यानं. आता गणित करा. सहाशे किलोमीटरला १,८६४ वळणं, म्हणजे किलोमीटरमागं तीन. ताशी चाळीसच्या वेगानं गेलात तर दर अर्ध्या मिनिटाला एक वळण. प्रत्येक वळणात मी तुमच्यासोबत झुकायचं. किती तास?

दादा : पै एकशे तीस किलोमीटर हाय. तीन-चार तास.

वहिनी : नागपूर दीडशे आहे आणि तिथं पोचल्यावर माझे गुडघे दहा मिनिटं सरळ होत नाहीत.

दादाचा मूळ आराखडा चार दिवसांत पूर्ण फेरीचा होता. रोज नवं गाव, रोज सामान बांधणं, रोज घाट. मे सारियांगहून चियांग माईचा शेवटचा टप्पा जवळपास एकशे नव्वद किलोमीटरचा. चालवणाऱ्याला हे जमतं, कारण त्याच्या हाताला आणि डोळ्यांना सतत काम असतं. वळण तो आधी पाहतो, अंग आधीच तयार होतं. मागच्याला वळण येऊन गेल्यावर कळतं. भीतीनं तो ताठ बसला किंवा उलट बाजूला कलला, तर गाडी वळणात बाहेर फेकली जाते. उपाय सोपा आहे, पण तो अंगात मुरायला वेळ लागतो. डावं वळण आलं की मागच्यानं चालकाच्या डाव्या खांद्यावरून पुढं पाहायचं, उजवं आलं की उजव्या. मान वळली की धड आपोआप हवं तितकंच झुकतं. दादानं हे वहिनींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपली अट जोडली : वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांबा, आणि थांबून झाल्यावर कारण विचारायचं नाही.

दादा : काऊन विचारायचं नाही?

वहिनी : कारण तुम्ही विचारता तेव्हा मला वाटतं मी गुन्हा केला. मग पुढच्या वेळी मी थाप मारतच नाही.

दादा गप्प बसला. माझ्या मते पूर्ण बेतातलं सगळ्यात कामाचं कलम हेच. मागं बसणारे किती लोक पाय मुंग्यांनी भरून गेलेले असताना, लघवी अडलेली असताना, चालवणाऱ्याची लय मोडू नये म्हणून गप्प बसतात! बायका तर विशेष.

मग वहिनींनी स्वतःचा आराखडा काढला. चियांग माईला दोन रात्री, पैला तीन. पैहून बिनसामानाच्या गाडीवर रोज थोडं फिरायचं : गरम पाण्याचे झरे, भाताची खाचरं, एक दिवस थाम लोडची गुहा, जिथं बांबूच्या तराफ्यावर बसवून कंदिलाच्या उजेडात आत नेतात. मग आल्या रस्त्यानं परत. मे हाँग सॉन नाही.

दादा : अन् मंग १,८६४ वळणांचं काय? त्याचं प्रमाणपत्र भेटते तिथी.

वहिनी : त्याच्यावर मागं बसणारीचं नाव लिहितात का?

दादा : लिहायला लावतो ना.

वहिनी : लावा. पण पैचा चढही मी पूर्ण गाडीवरून करीन असं नाही. चियांग माईहून पैला प्रवासी व्हॅन जातात. मी सामान घेऊन व्हॅननं जाईन, तुम्ही मोकळ्या गाडीवर तुमची ७६२ वळणं घ्या. येताना उताराला मी मागं बसेन.

दादा : मंग सोबत काय राह्यली? मी एकटा गाडीवर, तू व्हॅनमध्ये. यासाठी जायचं का आपण?

इथं मी वहिनींच्या बाजूचा आहे, तरी दादाचं दुःख मला कळतं. त्याच्या मनातल्या चित्रात दोघं एका गाडीवर आहेत. ते चित्र मोडलं की त्याला बेतच मोडल्यासारखा वाटतो. पण मागं बसणाऱ्याला एखादा टप्पा सोडायची मुभा असली की उरलेले टप्पे तो मनापासून बसतो, आणि सामान व्हॅनमध्ये गेलं की चढाला गाडी हलकी राहते. दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन स्वस्तातली गिअर नसलेली स्कूटर त्या घाटात नेणारे पुष्कळ आहेत. चढाला ती दमते, आणि लांब उतारावर इंजिनाचा आधार पुरेसा मिळत नाही म्हणून ब्रेक सतत दाबून तापतात. वहिनींनी स्कूटर साफ नाकारली. दादा खूश झाला, कारण त्याला गिअरची गाडीच हवी होती. रॉयल एनफिल्ड आता थायलंडमध्येही गाड्या जुळवते, तेव्हा ओळखीची गाडी मिळण्याची आशा त्याला आहे. वहिनींचा निकष निराळा : गाडी कुठलीही असो, आधी मी मागं बसून बघेन, मग पैसे द्यायचे. सीटची रुंदी, फूटरेस्ट किती उंच, धरायला मागं दांडा आहे की नाही.

त्यावरून साडी गार्डचा विषय निघाला. आपल्याकडं मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डावीकडं जी जाळी असते, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांमुळं असते. मागच्या माणसाला धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकणारं आवरण, हे १९८९च्या त्या नियमांत, १२३व्या कलमात लिहिलेलं आहे. आपल्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात आणि पदर-ओढणी वाऱ्यावर असते, हे गृहीत धरून केलेला नियम. तिकडच्या गाडीला ती जाळी नसते.

वहिनी : म्हणजे ओढणी घरी. जीन्स, बूट, दोन्हीकडं पाय टाकून बसायचं.

दादा : नगरकडच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर जग फिरल्या. ८ मार्च २०२३ ले गेटवे ऑफ इंडियावरून निघाल्या. तू जीन्सले काय घाबरते?

वहिनी : घाबरत नाही, सांगते आहे. आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. पण त्यांच्या हातात ब्रेक होता. माझ्या हातात तुमचं जॅकेट आहे.

हेल्मेटवर एकमत झालं. दोघांची हेल्मेटं इथूनच न्यायची. भाड्याच्या दुकानातलं हेल्मेट कोणाच्या डोक्याच्या मापाचं असेल आणि आधी किती वेळा आपटलं असेल, ते कळायला मार्ग नाही. आपल्या कायद्यानंही मागच्याला हेल्मेट सक्तीचं आहे, थायलंडच्याही. यवतमाळात ते मागच्या डोक्यावर क्वचित दिसतं. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागची बायको-पोरं उघडी, हे दृश्य रोज पाहतो आणि रोज जीव कळवळतो.

खरी अडचण महिन्याची आहे, आणि ती अजून सुटलेली नाही. उत्तर थायलंडमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर दऱ्यांत साचून राहतो, डोंगर दिसेनासे होतात. मेपासून पाऊस. वहिनींची मोठी सुट्टी दिवाळीत किंवा उन्हाळ्यात. उन्हाळा म्हणजे धुराचा शेवट आणि पावसाची सुरुवात. उरली दिवाळी.

दादा : दिवाळीत कापूस वेचायले येते. मजूर तेव्हाच भेटत नाही. इकडं हरभऱ्याच्या बियाण्याले दुकानात रांग.

वहिनी : मग डिसेंबर म्हणाल. डिसेंबरात माझी शाळा आहे.

दादा : रजा काढ.

वहिनी : रजा निघेल. पण परदेशी जायला कार्यालयाची परवानगी आधी लागते, आणि तो कागद टेबलांवरून फिरत येतो. तारीख तुम्ही आज सांगा, पुढच्या महिन्यात नाही. तुमचा कापूस दोन दिवस भाऊजी बघतील, माझा वर्ग कोण बघेल?

दिवाळीच्या बाजूनं आणखी एक गोष्ट बोलते. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तिकडं लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाचे, पानाफुलांचे छोटे तराफे करून त्यात दिवा लावून लोक नदीत सोडतात. चियांग माईत त्याच वेळी आकाशातही कंदील सोडतात. आपण नदीत दिवे सोडतो त्याच चंद्राखाली. वहिनींना हे पाहायची फार इच्छा आहे. पण दिवाळीची सुट्टी बहुधा पौर्णिमेच्या आतच संपते, आणि त्या दिवसांत तिथली हॉटेलं गच्च भरून दर चढलेले असतात.

बाकी बाबी पटापट मिटल्या. अनामत म्हणून पासपोर्ट दुकानात ठेवायचा नाही. रोख ठेवायची आणि पासपोर्टची झेरॉक्स द्यायची. गाडी घेताना दुकानदारासमोर तिचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा, प्रत्येक ओरखडा बोलून दाखवत. कुलूप मागून घ्यायचं. मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या योगेश आलेकरींची मोटारसायकल ऑगस्ट २०२५मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला चोरीला गेली, भरदिवसा. ती त्यांची स्वतःची गाडी होती. भाड्याची गाडी गेली तर तिची किंमत दुकानदार आपल्याकडून मागणार, आणि गाडीचा चोरीविमा असतोच असं नाही. तेही विचारूनच सही करायची.

आता चिखलदऱ्याची सरावफेरी उरली आहे. ती वहिनींची शेवटची अट. यवतमाळहून अमरावती, तिथून परतवाडा आणि वर घाट. थायलंडला नेणार तेच बूट, तीच हेल्मेटं, तीच बॅग. रात्री वर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी उतरून परत. अमरावतीपर्यंत अंग गरम होईल, खरी परीक्षा परतवाड्याच्या पुढं. खाली उतरल्यावर पहिल्यांदा वहिनी बोलणार, दादा नंतर.

दादा : अन् तू म्हणाली, नाही जमत, त?

वहिनी : तर पैला तुम्ही एकटे जा. दोन दिवस मी चियांग माईतली देवळं पाहीन, बाजार पाहीन. तुम्ही परत आल्यावर खंदकाभोवती मला मागं बसवून संध्याकाळी चक्कर मारा, तेवढी माझी फेरी.

दादा : अन् जमलं त?

वहिनी : मग मे हाँग सॉनचं बोलू. पण तिकीट काढायच्या आधी पॉलिसी इकडं द्या. मागं बसणाऱ्याचं कलम मला स्वतः वाचायचं आहे.